पेटच्या दाण्यांत शिरलेले पीव्हीसी

पाण्या-सरबताच्या बाटल्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पेट या प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून पुन्हा दाणे तयार करणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत मी काम करते. एका दुपारी एक्स्ट्रुडरवरच्या, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रावरच्या, सहकाऱ्याने कळवले की वितळलेल्या मालातील कचरा अडवणारी जाळी नेहमीपेक्षा फार लवकर तुंबते आहे आणि दाण्यांवर पिवळट झाक येऊ लागली आहे. यंत्राजवळ पोहोचताच नाकाला झोंबणारा आम्लाचा वास आला आणि माझा संशय पीव्हीसी या क्लोरीन असलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकवर गेला.

पेट वितळवण्यासाठी २५० अंश सेल्सिअसच्या वर तापमान न्यावे लागते. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही. त्याचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, उरलेला भाग काळा पडतो आणि त्या आम्लामुळे पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटू लागतात. साखळ्या आखूड झालेल्या पेटपासून पुन्हा मजबूत बाटली घडत नाही. एक टन मालात शंभर ग्रॅम पीव्हीसी असले तरी एवढा बिघाड होऊ शकतो, हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर सहसा पटत नाही.

धुलाईच्या टाकीत हे पीव्हीसी वेगळे का झाले नाही, याचे उत्तर घनतेत आहे. बाटल्यांची टोपणे पॉलीप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या प्लॅस्टिकची असतात. ती पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगतात आणि वरून काढून घेता येतात. पेटची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट आणि पीव्हीसीचीही जवळपास तेवढीच, म्हणून दोन्हींचे तुकडे एकत्रच तळाशी जातात.

मी धुतलेल्या तुकड्यांचा नमुना २२० अंशांवर भट्टीत ठेवला. पेटचे तुकडे जवळजवळ तसेच राहिले, पण त्यांच्यामध्ये तपकिरी-काळ्या पातळ चकत्या स्पष्ट उठून दिसल्या. खात्रीसाठी तांब्याची तार तापवून न भाजलेल्या नमुन्यातील तशाच पातळ तुकड्याला टेकवली आणि ज्योतीत धरली, तेव्हा क्लोरीन दाखवणारी हिरवी ज्योत उमटली. (ही चाचणी धूर खेचून घेणाऱ्या कपाटातच करावी; तो धूर विषारी असतो.)

तुकडे इतके पातळ होते की ते बाटलीच्या अंगाचे असणे शक्य नव्हते. आम्ही शिल्लक गठ्ठे उघडले आणि बाटलीला खालपासून वरपर्यंत घट्ट वेढणारी पीव्हीसीची रंगीत लेबले सापडली. अवरक्त प्रकाशाने प्लॅस्टिक ओळखणाऱ्या यंत्राने बाहेरचे आवरण वाचून त्या बाटल्या बाजूला टाकल्या होत्या; निवडीच्या पट्ट्यावरील कामगारांनी तळावर त्रिकोणातला १ हा आकडा पाहून त्या परत पेटमध्ये घेतल्या होत्या. आकडा खराच होता, कारण बाटली पेटचीच होती. १९८८ साली सुरू झालेली ही क्रमांकाची पद्धत ज्या भागावर खूण आहे त्याचेच प्लॅस्टिक सांगते, त्यावर चढवलेल्या लेबलाविषयी नाही. कामगारांना दोष देणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

त्या पाळीचे दाणे बाटल्यांसाठी पाठवले नाहीत. असे लेबल असलेली प्रत्येक बाटली ते सोलून काढल्याशिवाय दळायची नाही, असे ठरले. बाटल्या भरणाऱ्या कंपनीला मी चाचणीच्या छायाचित्रांसह पत्र लिहिले आणि लेबलासाठी पाण्यावर तरंगणारे पॉलीओलेफिन (टोपणांच्याच कुळातले प्लॅस्टिक) वापरावे, म्हणजे ते टोपणांबरोबरच वर येईल, अशी विनंती केली.