रात्री काय भिजत घातलं?

स्वयंपाक शिकवणारे सगळे फोडणीपासून सुरुवात करतात. तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, मग हिंग, मग हळद. थोड्या पैशांत नीट जेवायचं असेल तर मात्र मुख्य काम आदल्या रात्री, झोपायच्या आधी उरकावं लागतं. ते कुणी दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. वाटीभर मटकी, तिच्या तिप्पट पाणी, वर झाकण. दिवा बंद.

नोकरीसाठी साताऱ्यात, शाहूपुरीत खोली घेतली तेव्हा आधी खानावळच लावली होती. भाजीत बटाटा आणि बटाट्यावर तेलाचा तवंग, हा तिथला बारमाही बेत. पगार आणि पोट दोन्ही कुरकुरायला लागल्यावर एक शेगडी, कुकर, तवा आणि परात जमवली. त्याच सुमारास आईच्या फोनमधला प्रश्न बदलला. आधी ती "जेवलास का?" विचारायची, आता "काय घातलंस भिजत?" विचारते. पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणून सुटता यायचं. दुसऱ्याला नाव सांगावं लागतं, आणि ते सांगता सांगता मी उठून डब्याकडे जातो.

या कामाचा हिशेब साधा आहे. कोरडं कडधान्य जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी पितं. म्हणजे दुकानात पुडीत बांधलेली मोड आलेली मटकी घेतली की जवळजवळ निम्मे पैसे पाण्याचे जातात. ते पाणी माझ्या नळाला फुकट येतं. शिवाय भिजलेला दाणा लवकर शिजतो, तो गॅस वेगळा वाचतो. आमच्याकडे घरोघरी आणि हापिसात भिजत पडलेली घोंगडी पुष्कळ. मटकी तेवढी सकाळी निकाल देते.

अर्थात हिवाळ्यात तीही ताटकळवते. डिसेंबरात अजिंक्यताऱ्यावरून वारं खाली उतरलं की फडक्यात बांधलेली पुरचुंडी दुसऱ्या दिवशीही ढिम्म. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकूंनी यावर उपाय सांगितला: भात झाल्यावर कोमट कुकरशेजारी ठेव आणि वर जुना टॉवेल टाक. मोड आले. काकूंचं म्हणणं, मोड करंगळीच्या नखाएवढेच हवेत, फार लांबले की उसळीला गवताची चव येते. इथे मी काकूंच्या बाजूने आहे.

मोडाचं कौतुक नुसत्या चवीचं नाही. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, मोड येताना ते तयार होतं. लोह शोषायला आडवं येणारं फायटिक आम्लही त्या वेळात कमी होतं. शिजवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, म्हणून ताटात लिंबाची फोड. आपल्याकडची शिफारस दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. माझ्यासारख्या साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम झाली. दोन्ही वेळची ज्वारीची भाकरी, उसळ आणि मूठभर शेंगदाणे मिळून जवळपास तिथवर पोचवतात, उरलंसुरलं वाटीभर दह्यात भागतं. बदाम परवडत नाहीत याचं दुःख मी सोडून दिलंय. शेंगदाण्यात प्रथिनं त्यांच्यापेक्षा थोडी जास्तच निघतात.

सगळ्यात मोठा मान मात्र घेवड्याचा. साताऱ्यात राहून घेवडा न शिजवणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा नाकारणं. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा अंगावर पट्टे घेऊन येतो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्याची आमटी भाकरी कुस्करून खायची. पण हा गडी मटकीसारखा गरीब नाही. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं (पोटात वारा धरवणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो) आणि मग कुकरमध्ये पार मऊ होईपर्यंत शिजवायचा. राजमा काय, घेवडा काय, एकाच कुळातले. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब ठरलेले. चिंच, आमसूल, टोमॅटो जे काही आंबट असेल ते दाणा शिजल्यावरच, कारण आंबटात दाणा मऊ व्हायला तयार नसतो. एवढं करूनही दोन-चार गणंग निघतातच. ते निमूट ताटाच्या कडेला लावायचे.

आणि काहीच भिजत घातलं नसेल तर? अशा रात्री पैसे खिशातून बाहेर पडायला बघतात. राजवाड्यापाशी चौपाटीवरच्या गाड्यांचा वास वाऱ्यावर असतो आणि वारा नेमका आपल्या दिशेने. त्यावर साताऱ्याकडचा उतारा म्हणजे म्हाद्या. लसूण, मिरची, जिऱ्याची फोडणी, त्यात पाणी, पाण्यात शेंगदाण्याचा कूट, आणि दाटसर होऊन कडेला तेल सुटेपर्यंत उकळी. दहा मिनिटांत ताट वाढलेलं. पण त्यालाही दाणे आधी भाजून, कूट करून ठेवलेला लागतो. थोडक्यात, ज्याला आपण झटपट म्हणतो त्यात कुणीतरी आधीच राबलेलं असतं.

हे राबणं हिशेबाच्या वहीत कधी येत नाही. घरी आजी, मग आई, रात्री ओटा पुसता पुसता उद्याचा विचार करायच्या आणि आम्ही सकाळी आयती उसळ खाऊन "आज पण मटकीच?" म्हणायचो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, हे आम्हाला शाळेत शिकवलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडलं, हेही शिकवलं. आता स्वतःपुरतं रांधताना वाटतं, त्यागाची गोष्ट लक्षात राहते, पण इतक्या पोरांसाठी रोज रात्री किती पायली काय भिजत घालायचं, हे त्या माउलीच्या डोक्यात चालू असणार त्याचं काय? माझी तर एका पोटासाठी तारांबळ उडते.

भाजीचं तंत्र उलटं. कडधान्य वाट बघतं, पालेभाजी बघत नाही. म्हणून बेत ठरवून मंडईत जायचं नाही, मंडई बघून बेत ठरवायचा. संध्याकाळी उशिरा वाटे लागतात तेव्हा मेथी, चाकवत, शेपू, जे स्वस्त ते आपलं. शेपू मला आवडत नाही, तरी मुगाची डाळ घालून खातो. कमी पैशांत स्वयंपाक करणाऱ्याने आवडीनिवडी जरा आवरत्या घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. (कारल्याचा अपवाद.)

सध्या विषय शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा आहे. भाकरी आता फुगते, निदान एका बाजूने. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते, म्हणून दळण थोडंथोडं आणायचं हेही अंगवळणी पडलंय. पण दर वेळी दुकानातून किलोभर ज्वारी घ्यायची हा काकूंना शुद्ध वेडेपणा वाटतो. माण-खटावकडचा नवा शाळू फेब्रुवारी-मार्चात निघतो, तेव्हाच वर्षाचा भरून ठेवायचा, असा त्यांचा शिरस्ता. यंदा पोतं दोघांत घ्यायचं ठरलंय. त्यांच्याकडे पत्र्याची कणगी आहे, घालायला कडुलिंबाचा वाळका पाला आहे, गिरणीवाल्याची ओळख आहे.

"मग मी काय करू, काकू?" मी विचारलं.

"पैसे निम्मे दे. आणि ऊन देणं, चाळणं, खडे निवडणं तुझ्याकडं. रविवारी रिकामाच असतोस की."

"सगळं पोतं?"

"नाही तर काय, तुझ्या वाट्यातलेच खडे तेवढे निवडणार होतास?"