बायकोची बॅरिएट्रिक सर्जरी आणि माझी हवालदारी

बायकोच्या वजन कमी करायच्या ऑपरेशनला आता आठ महिने झाले आणि भेटेल तो पहिलं हेच विचारतो की किती उतरलं. किती किलो ते इथे लिहिणार नाहीये, कारण तिने सांगून ठेवलंय, लिहायचं ते लिही पण माझे आकडे टाकायचे नाहीत, ते माझे आहेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ४० च्या वर होता एवढं सांगायची परमिशन मिळालीये, तेवढंच.

आधी एक कबूल करून टाकतो. मी या ऑपरेशनच्या विरोधात होतो. दोन-तीन वर्षं ती अधूनमधून विषय काढायची आणि मी दरवेळी तेच, अगं थोडा कंट्रोल ठेव, चालायला जाऊ आपण, पोट कापून कोणी बारीक होतं का. आता आठवलं तरी लाज वाटते कारण चालायला जायचं म्हणणारा मी स्वतः तीन दिवसांच्या वर कधी गेलो नाही. तिने मात्र डाएट केली होती, एकदा नाही चारदा, दरवेळी वजन उतरलं आणि दरवेळी व्याजासकट परत आलं.

मी बदललो ते तिच्या घोरण्यामुळे, खरं सांगायचं तर घोरणं थांबण्यामुळे. रात्री ती घोरायची आणि मधेच एकदम शांत, श्वासच नाही, मी अंधारात मोजत पडायचो, पंधरा, वीस, पंचवीस, मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास यायचा आणि पुन्हा घोरणं सुरू. स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं निदान झालं, मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन आलं, शुगर तर आधीपासून होतीच. मग मी पहिल्यांदा तिच्याबरोबर सर्जनकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की वजन उतरायला लागलं की शरीराला ते संकटच वाटतं, भुकेचे हार्मोन वाढतात, ऊर्जा कमी जळायला लागते, आणि हा सगळा मामला नुसत्या इच्छाशक्तीवर जिंकणं फार थोड्या लोकांना जमतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं पोटाचं चित्र बघत होतो.

या ऑपरेशनचे दोन प्रकार, स्लीव्ह की बायपास, यावर बरंच बोलणं झालं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढून टाकतात, मागे केळ्यासारखी एक नळी उरते. नुसती जागा कमी होते असं नाही, घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हार्मोन जिथे जास्त बनतं तो वरचा फुगीर भागच निघून जातो, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूक अशी लागतच नाही. बायपासमध्ये जठराची अगदी छोटी, साधारण ३० मिलीची पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. जळजळ, ॲसिडिटी खूप असेल तर बायपास बरा म्हणतात कारण स्लीव्हने ती वाढू शकते. हिला तो त्रास नव्हता, स्लीव्ह ठरलं.

मग तपासण्यांचा सपाटा. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, रक्ताच्या कितीतरी टेस्ट, आणि एक सेशन सायकॉलॉजिस्टबरोबर. तिथे मलाही आत बोलावलं आणि विचारलं की घरात कधी काय खायचं हे कोण ठरवतं. मी म्हणालो, दोघं. बायकोने नुसती भुवई वर केली. कारण आमच्या घरात भांडण झालं की मी सॉरी म्हणत नाही, खायला काहीतरी घेऊन येतो. आनंद झाला तरी खायला आणतो. कंटाळा आला तरी तेच. इतकी वर्षं मला ते प्रेमच वाटायचं, आणि होतंही म्हणा, पण त्या खुर्चीत बसून ते मोठ्याने सांगताना जरा विचित्र वाटलं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे लिव्हरसाठी डाएट असते. लिव्हरचा डावा भाग जठराच्या पुढे येतो, त्यात चरबी साठलेली असली की ते मोठं आणि नाजूक होतं आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करताना बाजूला सारायला अवघड जातं, म्हणून दोन आठवडे अगदी कमी कॅलरी, पिष्टमय जवळजवळ बंद. शुगर एकदम खाली जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिच्या गोळ्याही तेव्हाच कमी केल्या. मी मोठेपणाने जाहीर केलं की मीसुद्धा तुझ्याबरोबर तेच खाणार. चौथ्या दिवशी ऑफिसवरून येताना गाडीत बसून चोरून खाल्लं. घरात पाऊल टाकताच तिला वास आला. मला वाटलं आता चिडणार, पण ती रडायला लागली. म्हणाली, चोरून खाऊ नकोस रे, मला एकदम पेशंट झाल्यासारखं वाटतं, माझ्यासमोर बसून खा, फक्त दर घासाला चालेल ना, चालेल ना असं विचारू नकोस.

ऑपरेशनचा दिवस मी पटकन संपवतो कारण त्यात माझं काम नुसतं बसायचं होतं. दीड तास लागला. संध्याकाळी नर्सने तिला उठवून चालवलंसुद्धा, पायात ते घट्ट मोजे, कारण अशा ऑपरेशननंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि चालणं हाच त्यावरचा मोठा उपाय. रात्री तिचा खांदा दुखायला लागला आणि माझा जीव घशात आला, मला वाटलं हार्ट. नर्स म्हणाली, पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात ना, तो थोडा आत राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो, ते दुखणं खांद्यात जाणवतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून इथे लिहितोय.

आता घरी आल्यावरची गोष्ट, आणि इथेच मी माती खाल्ली.

डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं की दिवसाला दीड लिटर तरी पातळ पदार्थ पोटात गेले पाहिजेत, घोट घोट करून, ३० मिलीचे छोटे कप दिले होते. आता दीड लिटर म्हणजे असे ५० कप. मी माणूस एक्सेलवाला. वेळ, काय प्यायली, किती मिली, प्रोटीन किती ग्रॅम, पल्स, ताप, सगळ्याचे कॉलम केले, दर पंधरा मिनिटांनी मोबाईलवर अलार्म लावला, आणि अलार्म वाजला की मी कप घेऊन हजर. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तू नवरा आहेस की वॉर्डबॉय? मी हसलो आणि कप पुढे केला.

त्याच रात्री ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, मी का केलं हे, काही खाता येत नाही, पाणीसुद्धा गिळताना अडकतंय, मी चांगली तर होते. आणि मी काय म्हणालो असेन? अगं पण तूच ठरवलं होतंस ना. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी बोललेल्या वाईट वाक्यांत हे पहिल्या नंबरचं. नंतर कळलं की ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत असा पश्चात्ताप खूप जणांना होतो, भूल, दुखणं, उपाशी शरीर, आणि जीवाला विरंगुळा द्यायचा जो नेहमीचा मार्ग होता, खाणं, तोच बंद. तेव्हा गप्प बसून हात धरायचा असतो. तूच ठरवलं होतंस म्हणणाऱ्याने खरं तर दुसऱ्या खोलीत झोपावं.

नवव्या दिवशी रात्री तिची पल्स ११५ च्या पुढे गेली. फ्रिजवर मी कागद लावला होता, पल्स १२० च्या वर, ताप, वाढत जाणारं पोटाचं दुखणं, धाप, पोटरी सुजणं, काहीच पोटात न टिकणं, यातलं एकही दिसलं तरी थांबायचं नाही, कारण जठर कापून जिथे स्टेपल मारून बंद करतात तिथे लीक झाला तर पहिली खूण बऱ्याचदा पळणारी पल्स हीच असते. १२० व्हायची वाट कोण बघतो, लगेच दवाखान्यात फोन केला, त्यांनी बोलावून घेतलं. रस्त्यात मी एक शब्द बोललो नाही, तीही नाही. सिटी स्कॅन झाला, रक्त तपासलं. लीक नव्हता. अंगात पाणी कमी पडलं होतं, बस. सलाईन लावलं आणि दोन तासांत पल्स खाली आली.

पण मला कळेना, पाणी कमी कसं? माझ्या एक्सेलमध्ये तर रोज दीड लिटर भरलेलं होतं, मी डॉक्टरांना मोबाईल काढून दाखवायलाही लागलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, तू बाहेर गेलास की मी कुंडीत ओतत होते.

अलार्म वाजला की मी कप आणायचो, जात नाही म्हटलं की मी चेहरा करायचो, लेक्चर द्यायचो, म्हणून तिने सोपा रस्ता काढला, हो म्हणायचं आणि कुंडीत ओतायचं. म्हणजे मी गाडीत बसून जे केलं तेच तिने केलं, आणि मी ज्याला काळजी म्हणत होतो त्याच्यामुळेच तिला माझ्यापासून लपवावं लागलं. दवाखान्यातून निघताना मी ती एक्सेल शीट तिच्यासमोर डिलीट केली. ती म्हणाली, अरे प्रोटीनचा कॉलम चांगला होता, तो राहू द्यायचा होता.

नंतर तिने स्वतःची पद्धत काढली. खुणा केलेली एक बाटली, थंड पाणी उतरेना म्हणून कोमट, आणि मी काही विचारायचं नाही. माझ्याकडे तिने मोजकी कामं सोपवली. एक, गोळ्या. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, लोह, कॅल्शियम, हे सगळं आता जवळजवळ जन्मभराचं आहे, आणि लोह नि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. दोन, वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात म्हणून सहा महिन्यांची जी गोळी दिली होती ती संपायच्या आत आणायची. तीन, नातेवाइकांचे फोन मी घ्यायचे. तिसरं सगळ्यात अवघड गेलं.

खाणं पायरी पायरीने सुरू झालं, आधी नितळ, मग दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, नेहमीचं म्हणण्यासारखं साधारण दोन महिन्यांनी. एक घास जास्त गेला किंवा नीट चावला नाही की तोंडात फेसासारखी लाळ यायची आणि ती बेसिनकडे पळायची. पहिल्यांदा मी मागे धावलो. नंतर शिकलो की दाराबाहेर उभं राहायचं आणि पाच मिनिटं तोंड बंद ठेवायचं. मात्र उलट्या दिवसेंदिवस थांबतच नसतील तर घरात बसायचं नाही, थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो, तिथे नवऱ्याने हवालदार झालेलं चालतं.

तिसऱ्या आठवड्यात वजन अडलं, बरेच दिवस काटा हलेना, हे बऱ्याच जणांचं होतं आणि आपोआप सुटतं. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, फणीत गुंता बघून ती हबकली. वजन जोरात उतरलं की केसांची मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि काही महिन्यांनी परत येतात असं डॉक्टर म्हणाले. हिचे येतायत, कपाळाजवळ बारीक बारीक उभे राहिलेत. मला ते फार आवडतात, तिला अजिबात नाही.

एक गोष्ट कोणी बोलत नाही. रात्री दोन वाजता मी नेटवर शोधत बसलो होतो आणि २०१८ सालचा एक स्वीडनचा अभ्यास सापडला, त्यात असं दिसलं होतं की या ऑपरेशननंतर लग्न झालेल्यांत घटस्फोटाचं प्रमाण इतरांपेक्षा वाढतं आणि एकट्या असलेल्यांत लग्न किंवा नवीन नातं जुळण्याचं. बहुतेक जोड्या टिकतात, ते खरंय, पण रात्री दोनला बहुतेक हा शब्द दिसत नाही. ती आता माझ्यापुढे चालते. जिना चढताना वर जाऊन थांबते. लोक तिला बघून वा वा करतात आणि मला पोटात कुठेतरी टोचतं, खोटं कशाला बोलू. एकदा हे तिला सांगितलं तर म्हणाली, तुला टोचतं? मला राग येतो, आता दिसायला लागले म्हणतात, मग आधी मी कोण होते?

आणि संध्याकाळचं काय करायचं हा प्रश्न आहेच. आम्ही दोघं मिळून जे करायचो ते खायचो, बाकी काही छंद नाही, हे ऑपरेशनने उघडं पाडलं. आता ती छोट्या ताटलीत अर्धा तास जेवते, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, माझं पाच मिनिटांत आटपतं आणि उरलेली पंचवीस मिनिटं मी समोर बसून असतो. सुरुवातीला मोबाईल बघायचो. हल्ली बोलतो. कधी कधी तेच तेच बोलतो.

शिवाय तिच्या ताटलीत दोन-तीन घास उरतात आणि ते टाकायचे कशाला म्हणून मी संपवतो, कित्येक महिने रोज, दोन वेळा. गेल्या आठवड्यात फॉलोअपला गेलो तेव्हा डायटिशियनने तिचं वजन घेतलं, खूश झाल्या, मग माझ्याकडे आणि माझ्या शर्टाच्या बटणांकडे बघून म्हणाल्या, या, तुम्ही पण उभे राहा काट्यावर. मी म्हटलं नको नको, मी नुसता सोबत आलोय. बायको पर्स उचलत म्हणाली, राहू द्या मॅडम, त्याचे आकडे त्याचे आहेत.