डावखुरा शॉर्टस्टॉप

आम्ही जो बेसबॉलचा गेम बनवतो, त्यात एकही खरा खेळाडू नाही. खऱ्यांची नावं आणि चेहरे वापरायचे तर परवाने घ्यावे लागतात, आणि आमच्या अमेरिकन क्लायंटने ते घेतलेले नाहीत. त्यामुळे 30 संघ, त्यांच्या हाताखालचे मायनर लीगचे संघ आणि दरवर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून, येणारी नवी पोरं, ही सगळी माणसं कोडमधून जन्माला येतात. नाव, गाव, उंची, वजन, फेकायचा हात, बॅटिंगची बाजू, धाव, जोर, नजर. ही माणसं घडवणं हे माझं काम आणि ते मला मनापासून आवडतं. ग्राफिक्स पाहून लोक गेम घेतात, पण महिनोन्‌महिने खेळत राहतात ते या पोरांपैकी कुणात तरी जीव अडकतो म्हणून.

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्री साडेआठला क्लायंटला डेमो द्यायचा होता. सकाळपासून पाऊस कोसळत होता, मध्य रेल्वे रखडलेली, अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आमची टेस्टर मात्र वेळेवर हजर. ती मूळची जळगावची, कॉलेजभर सॉफ्टबॉल खेळलेली. टीममधले बाकी आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. बेसबॉल शिकलो तो आकड्यांतून आणि व्हिडिओ पाहून. ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा चटका हाताला माहीत असलेली ती एकटीच.

अकराच्या सुमारास तिने मला हाक मारली.

"ताई, हा शॉर्टस्टॉप डावखुरा आहे."

"मग?"

"मग तो शॉर्टस्टॉप असूच शकत नाही."

तिने तोंडी समजावलं ते मला अर्धंमुर्धंच कळलं. मग ती उठलीच. पॅन्ट्रीसमोरच्या पॅसेजमध्ये तिने कागदाच्या बोळ्यावर सेलोटेप गुंडाळून चेंडू केला आणि पाण्याची बाटली एका टोकाला ठेवली. ती बाटली म्हणजे पहिला बेस. स्वतः उभी राहिली दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, शॉर्टस्टॉपच्या जागी, तोंड बॅटरकडे. असं उभं राहिलं की पहिला बेस आपल्या डाव्या हाताला येतो. मी चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो. तिने डाव्या हाताने चेंडू उचलला, तेव्हाच तिचा डावा खांदा बाटलीकडे झालेला होता. एक छोटी उडी, आणि चेंडू बाटलीवर. मधे कुठे थांबणं नाही, वळणं नाही.

मग तिने आमच्या डावखुऱ्या डिझायनरला उभं केलं. त्याने उजव्या हाताने चेंडू अडवला, डाव्यात घेतला, आणि आता फेकायचं तर उजवा खांदा बाटलीकडे हवा. म्हणजे अख्खं अंग फिरवायचं. त्याने पाय उचलले, पाठ वळवली, फेकला. मुलगा चपळ आहे, रविवारी बॉक्स क्रिकेट खेळतो, तरी प्रत्येक वेळी तो वळसा मधे येतच होता. मी मोबाइलवर वेळ लावून पाहिली. जवळजवळ अर्धा सेकंद जात होता.

बेसबॉलमध्ये अर्धा सेकंद म्हणजे फार मोठी गोष्ट. बॅटर जिथून धावत सुटतो त्या होम प्लेटपासून पहिला बेस 90 फुटांवर. तो पोचायच्या आत चेंडू तिथे पोचला, तर तो बाद. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे लोक, खेळाडूला 20 ते 80 या पट्टीवर मोजतात, त्यात 50 म्हणजे मेजर लीग या सर्वांत वरच्या लीगचा सर्वसाधारण खेळाडू. उजव्या बाजूने बॅटिंग करणारा 4.3 सेकंदांत पहिल्या बेसवर पोचला, तर त्याच्या धावेला 50 मिळतात. डाव्या बाजूने खेळणारा बेसच्या जवळ उभा असतो, त्यामुळे तेवढ्याच 50 साठी त्याला 4.2 लागतात. जिथे सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब ठेवतात, तिथे फेकीत अर्धा सेकंद घालवणाऱ्याला शॉर्टस्टॉपवर उभं करायला कोण धजेल? म्हणूनच दुसरा बेस, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप या जागांवर डावखुरे जवळपास दिसतच नाहीत. पहिल्या बेसवर ते हवेहवेसे असतात, कारण तिथे उजव्या हातातला ग्लोव्ह बरोबर मैदानाच्या बाजूला येतो.

आमच्या डेटाबेसमध्ये मात्र प्रत्येक जागेवर दहात एक डावखुरा होता. कारण उघड होतं. सुरुवातीच्या प्रोटोटाइपपासून प्रत्येक गुणासाठी स्वतंत्र फासा टाकला जायचा. हात वेगळा, जागा वेगळी, उंची वेगळी, धाव वेगळी. समाजात डावखुरे साधारण 10 टक्के, म्हणून फासाही तेवढाच. म्हणजे पिचरही, बॅटरला चेंडू टाकणारा, दहात एकच डावखुरा निघायचा. खऱ्या मेजर लीगमध्ये पिचरांपैकी साधारण चौथा हिस्सा डावखुरा असतो. मला शॉर्टस्टॉपपेक्षा हे जास्त टोचलं. समोर डावखुरा पिचर आला की मॅनेजर बॅटर बदलतो, ही त्या खेळातली रोजची लढाई. आमच्या गेममध्ये तिची वेळच क्वचित यायची.

टीम लीडचं म्हणणं व्यवहाराचं होतं. रात्री डेमो आहे, एक कंडिशन टाका: हात डावा आणि जागा या तिघांपैकी असेल, तर पुन्हा फासा टाका. दहा मिनिटांचं काम. पण तोवर टेस्टर यादी खाली सरकवत होती. लीगमधला सर्वांत वेगवान धावणारा माणूस कॅचर, जो बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलतो. सेंटर फील्डला, जिथे भरपूर पळावं लागतं, एक गडी, धाव 25. फेकीचा जोर 80 असलेला पोरगा पहिल्या बेसवर, जिथे त्या जोराचा उपयोगच नाही. डोमिनिकन रिपब्लिकमधला 18 वर्षांचा मुलगा ड्राफ्टच्या यादीत, आणि ड्राफ्ट तर अमेरिका, कॅनडा, प्वेर्तो रिको इथल्या मुलांसाठी असतो. डोमिनिकन पोरं सोळाव्या वर्षापासून थेट करार करतात. प्रत्येक विसंगतीला एक कंडिशन टाकत बसलो असतो, तर पाचशे कंडिशन झाल्या असत्या आणि तरीही माणूस उभा राहिला नसता.

मी आझाद मैदानाजवळच्या शाळेत शिकले. हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या दिवसांत तिथे एका मैदानावर इतके सामने चालतात, की एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. त्या शेकडो पोरांपैकी रणजीपर्यंत पोचणारी हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. वानखेडेवर आपण पाहतो ती चाळणीतून उरलेली माणसं. आणि चाळणी फक्त चांगलं-वाईट बघत नाही, ती माणसाला वळणही देते. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, खेळतो उजव्याने. बेसबॉलमधले इचिरो सुझुकी आणि शोहेई ओहतानी फेकतात उजव्याने, बॅटिंग करतात डाव्या बाजूने. हात काही प्रमाणात जन्माचा असतो, बाकी मैदानाने घडवलेला.

आमच्या कोडमध्ये ती चाळणीच नव्हती. आम्ही थेट वानखेडेवरची माणसं फासे टाकून बनवत होतो.

दुपारी मी लीडला म्हटलं, "सर, मला सातपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर तुमची कंडिशन टाकते." ते हो म्हणाले, हे त्यांचं मोठेपण.

मांडणी अशी केली. आधी सोळा-सतरा वर्षांची हजारो पोरं तयार करायची. त्यांना जागा द्यायचीच नाही. फक्त शरीर, हात, गाव आणि मूळ कुवत. गुण सुटे काढायचे नाहीत. कोण कोणाबरोबर येतो त्या सहसंबंधांचा तक्ता देऊन एकत्र काढायचे. वजन वाढलं की जोर वाढण्याचा कल, धाव घटण्याचा कल. लांब हात असला की फेकीला बरकत. पण कल म्हणजे कायदा नव्हे, हे मी मुद्दाम सैल ठेवलं. 2017 मध्ये मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होझे अल्तुवे, उंची 5 फूट 6 इंच. मतदानात दुसरा आला ॲरन जज, 6 फूट 7 इंच. ज्या कोडमधून अल्तुवे कधीच निघणार नाही, तो कोड मला नको होता.

मग प्रत्येक जागेने आपली गरज सांगायची. शॉर्टस्टॉपला दूरचा चेंडू गाठायची पोच, फेकीचा जोर, आणि चेंडू उचलल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ. डावखुऱ्याच्या त्या वेळात पॅसेजमध्ये मोजलेला वळसा मिळवला. कुठेही मनाई लिहिली नाही. पिचिंगमध्ये उलट: डावखुरे कमी, बॅटरांना त्यांची सवय कमी, म्हणून तेवढ्याच वेगाच्या डावखुऱ्याला जरा झुकतं माप. आणि मग गेममधल्या स्काउटांना सांगितलं, निवडा.

पहिली निवड झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. शॉर्टस्टॉपच्या यादीतून डावखुरे आपोआप गळाले होते, पिचरांत त्यांचं प्रमाण दुपटीहून वर गेलं होतं. एवढं अपेक्षित होतं. खरा धक्का आलेखाने दिला. आडव्या अक्षावर धाव आणि उभ्यावर बॅटचा जोर घेऊन मी सगळी पोरं ठिपक्यांनी काढली. या जोडीतला सहसंबंध मी मुद्दाम शून्य ठेवला होता, म्हणून ठिपक्यांचा ढग गोल आला. मग फक्त निवडलेली पोरं लाल केली. लाल ठिपके तिरपे उतरत होते, डावीकडे वरून उजवीकडे खाली. जोरवाले हळू, वेगवाले हलके. जे नातं मी लिहिलंच नव्हतं, ते निवडीतून तयार झालं होतं.

त्यामागचं कारण संख्याशास्त्रात जुनं आहे. जोसेफ बर्कसन यांनी 1946 मध्ये रुग्णालयातल्या आकडेवारीच्या संदर्भात ते मांडलं होतं. जो हळूही आहे आणि ज्याच्या बॅटमध्ये जोरही नाही, तो यादीपर्यंत पोचतच नाही. खालचा डावा कोपरा रिकामा होतो, आणि उरलेल्यांत एक गुण कमी असला तर दुसरा जास्त दिसतो, कारण तो दुसरा गुण होता म्हणूनच तो आत आला. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. स्वतःच्या पडद्यावर लाल ठिपक्यांत उमटलेलं पहिल्यांदा पाहिलं आणि बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

टेस्टरने आलेख पाहिला आणि म्हणाली, "आमच्या टीममध्ये पण असंच होतं. लांब मारणाऱ्या पोरींना कोणी धावायला सांगायचं नाही."

आणखी एक गोष्ट सरळ झाली. पूर्वी आमची लीग घंटेच्या आकाराची होती: मधे गर्दी, दोन्ही टोकांना सारखेच विरळ. म्हणजे जेवढे थोर, तेवढेच टाकाऊ. खरी मेजर लीग ही त्या घंटेचं उजवीकडचं शेवटचं टोक असते. उंबरठ्याजवळ दाटी, कारण तिथल्या माणसाला मायनर लीगमधला दुसरा कोणीही बदलू शकतो, आणि वर जावं तसे झपाट्याने कमी. चाळणी आल्यावर हा आकार आपोआप आला. करार, बदल्या, बेंचवर कोण बसणार, या सगळ्याला आता अर्थ आला, कारण ताऱ्याच्या जागी दुसरा तारा मिळत नाही.

डेमोला क्लायंटकडून एक गृहस्थ होते, पूर्वी स्काउट म्हणून काम केलेले. त्यांनी पहिल्यांदा यादी जागेप्रमाणे लावायला सांगितली आणि फेकायच्या हाताचा रकाना वरून खाली वाचला. शॉर्टस्टॉप, सगळे उजवे. त्यांनी विचारलं, हे नियम लिहून केलंय का? मी नाही म्हटलं आणि आलेख दाखवला. त्यावर त्यांनी काही न बोलता संपूर्ण सीझन चालवायला सांगितला.

सीझन संपल्यावर त्यांनी दुसऱ्या बेसच्या नोंदी उघडल्या आणि तिथे एक डावखुरा निघाला. माझ्या पोटात गोळाच आला. नोंद पाहिली: मॅच पंधराव्या इनिंगपर्यंत लांबलेली, दोन जण जखमी, बेंच रिकामा. मॅनेजरने पहिल्या बेसचा गडी उचलून दोन इनिंगसाठी दुसऱ्यावर ठेवला होता. ते गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, न्यूयॉर्क यांकीजचा डॉन मॅटिंगली डावखुरा, एरवी पहिल्या बेसवर. 1986 मध्ये त्याला काही सामने तिसऱ्या बेसवर खेळवला होता. तुमच्या कोडला हे सुचलं असेल, तर याला हात लावू नका.

मनाई लिहिली असती, तर ती नोंद कधी झालीच नसती. टेस्टरने कॉल चालू असतानाच माझ्याकडे पाहून अंगठा वर केला.

कॉल संपला तेव्हा पाऊस जरा उघडला होता. लीडने सगळ्यांसाठी वडापाव मागवले आणि गाड्यांची चौकशी सुरू झाली. टेस्टर अजून सीझन पुढे-पुढे चालवतच होती. निघता निघता तिने नवा बग टाकला: "38 वर्षांचा सेंटर फील्डर, धाव 70, दहा वर्षांत एक पॉइंटही कमी नाही." तिचं बरोबर होतं. वयाचं गणित अजून जुन्याच फाशांवर चाललं होतं, सगळे गुण एकदम चढत आणि एकदम उतरत. खरं तर पाय सर्वांत आधी जातात, बॅटचा जोर त्यांच्यामागे काही वर्षं टिकतो, आणि कुठला चेंडू सोडायचा ही नजर कित्येकदा तिशीनंतरही शाबूत असते. त्यामुळे सेंटरचा माणूस आधी कडेच्या फील्डला सरकतो, मग पहिल्या बेसवर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच उघडून बसले.