तुम्ही विचारलंत म्हणून: सरांकडे सहा वर्षं का राहिलो?

एकांकिका बसवायला मला कॉलेजं बोलावतात, तिथली पोरं हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या तालमीला विचारतात. तोवर, ज्यांच्याकडे मी नाटक शिकलो त्या सरांचे किस्से त्यांच्या कानावर आलेले असतात. सरांनी संहिता कशी भिरकावली, रात्री दोनपर्यंत एकच प्रवेश कसा घेत राहिले, वगैरे. मग चहाच्या वेळी कुणीतरी हळूच विचारतं, "एवढ्या तापट माणसाकडे तुम्ही सहा वर्षं कसे राहिलात?" "शिकायला मिळत होतं," एवढं सांगून मी आजवर वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

1996च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, 19 वर्षांचा. जळगावचा मे म्हणजे पारा 44-45ला टेकलेला, त्यामुळे तालीम रात्री नऊनंतर एका शाळेच्या गच्चीवर व्हायची. आधी दोन जणांनी बादल्यांनी गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघून जायची, मग चपला काढून उभं राहायचं. मी एरंडोलचा. तालीम संपेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असायची, म्हणून तिथेच सतरंजीवर झोपायचो आणि पहाटेच्या गाडीने परत. बांभोरीला गिरणेचा पूल लागला की माझी वाक्यं पुटपुटणं सुरू व्हायचं. बाजूचे लोक जरा सरकून बसायचे.

आम्ही सगळे हौशी. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत. वर्षभराचं गणित राज्य नाट्य स्पर्धेभोवती फिरायचं: प्राथमिक फेरी, तिच्यातून नंबर आला तर अंतिम. पैसा कोणालाच मिळत नव्हता. सर स्वतः शाळेत भूगोल शिकवायचे आणि नेपथ्याचं लाकूड पगारातून आणायचे.

सरांनी बसवलेल्या एका नाटकात मी मुलगा होतो. आई अंगणात बसून दादर ज्वारी पाखडते आणि पाखडता पाखडता सांगते की शेत गेलं. आईचं काम करणाऱ्या ताई दवाखान्यात नर्स होत्या, ड्यूटी संपवून थेट तालमीला यायच्या. सरांनी त्यांना प्रेक्षकांकडे पाठ करून बसवलं. आम्ही सगळ्यांनी विरोध केला. एवढा मोठा प्रसंग, आणि बाईंचा चेहराच दिसायचा नाही? सर म्हणाले, "चेहरा नको. सूप ऐका." ताई बोलत असताना सुपाचा तो सळसळता आवाज चालू. 'सावकार' या शब्दाला सूप थांबायचं. पुढे दोन क्षण काहीच नाही. गच्चीच्या कठड्यावर टेकलेली आमचीच माणसं त्या दोन क्षणांत पुढे झुकलेली मी पाहिली आहेत. चेहरा दाखवून हे झालं नसतं. आज मी स्वतः नाटकं बसवतो, तरी ते त्यांना सुचलं कसं हे मला उलगडत नाही.

त्या शांततेनंतर माझं वाक्य होतं, "काय झालं, आई?" तीन शब्द. अकरा रात्री सरांनी मला त्या तीन शब्दांवर अडवलं. हातातलं पेन बाकावर टकटक वाजलं की थांबायचं. "तू ऐकत नाहीयेस. तुझी पाळी यायची वाट बघतोयस." मी म्हणायचो, ऐकतोय सर. पुन्हा टकटक. एके रात्री त्यांनी विचारलं, "घरी कसं विचारतोस?" मी लाजत सांगितलं, "काय व्हयनं, माय?" कॉलेजात अहिराणी जिभेवर येऊ नये म्हणून मी दोन वर्षं धडपडत होतो. सर म्हणाले, "शब्द 'झालं'च राहू दे. आवाज 'व्हयनं'चा ठेव." त्या रात्री पेन वाजलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे उत्तर अर्धंच राहील. रंगीत तालमीला माझी एंट्री दोनदा चुकली. तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर बापासारखी पोती उचल." माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. मी मेकअप तसाच ठेवून निघालो आणि तीन दिवस फिरकलो नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सर एरंडोलला आमच्या दारात. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बसा सर, जेवी ल्या." मायने भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी. सर खाली मांडी घालून बसले आणि वडिलांना कापसाच्या भावाबद्दल विचारत राहिले. दीड तास फक्त वडील बोलले. इतक्या शांतपणे माझ्या वडिलांचं बोलणं त्याआधी कोणी ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. मीही नव्हतं ऐकलं. निघताना सर मला म्हणाले, "ते कुठे थांबतात, लक्ष दिलंस? वाक्य संपल्यावर नाही. पुढचा शब्द जड असला की त्याच्याआधी."

माफी त्यांनी मागितली नाही. मागायला हवी होती, असं मला आजही वाटतं. मोठा कलावंत आहे म्हणून कुणाच्या बापावर बोलायचा हक्क मिळत नाही, आणि माझ्या तालमीत मी ते कधी होऊ दिलेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी तालमीला गेलो.

प्रयोग बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात होता. लहानपणी बालगंधर्व जळगावात राहिले होते, त्यांचं नाव त्या रंगमंचाला आहे. तिथे पाय ठेवताना माझ्या पोटात गोळा यायचाच. सर प्रयोगाला डाव्या विंगेत उभे राहायचे. मला एक वाईट खोड होती: वाक्य झालं की नजर विंगेकडे. बरं झालं का, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचायचं. तिसरी घंटा व्हायच्या आधी ते जवळ आले. "तुझ्या प्रवेशाला मी बाहेर टपरीवर असेन," म्हणाले आणि खरंच गेले.

सूप सळसळत होतं. डावी विंग रिकामी. ताईंची पाठ माझ्यापासून चार हातांवर होती, पदर खांद्यावरून जरा घसरलेला. त्या 'सावकार' म्हणाल्या. सूप थांबलं. मी कुठेच पाहिलं नाही. वाक्य मी म्हटलं की ते आपसूक आलं, सांगता येणार नाही, पण ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तालमीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर टपरीवर गेलो. सरांनी प्रयोग कसा झाला हे विचारलंच नाही.

"सूप थांबलं तेव्हा काय ऐकलंस?"

"ताईंचा श्वास," मी म्हणालो. "आणि लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं."

"हो," ते म्हणाले, "मलाही ऐकू आलं ते." आणि चहावाल्याला अजून एक ग्लास भरायला सांगितला.