पैसे वसूल झालेल्या रायफली

माझ्याकडे रायफल आहे म्हटलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. बाहेरगावचा असेल तर ‘लायसन्स आहे का?’ आणि पुण्यातला असेल तर ‘केवढ्याला पडली?’ आमच्या सोसायटीने तिसराही प्रश्न शोधून काढलाय, ‘कबुतरांचं काही होईल का हो?’ नाही होणार. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, आणि ती रायफल पाखरांसाठी बनलेलीच नाही. कबुतरांना जाळी लावा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दहा मीटरच्या स्पर्धेची एअर रायफल ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या नळीची असते. या बोअरची आणि वीस जूलच्या आतली एअर रायफल घ्यायला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा. माझ्या रायफलीचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. हिशोब केला तर साडेसात-आठ जूल होतात. म्हणून तिला खेळणं समजू नका. डोळा जायला तेवढी ताकद पुष्कळ झाली.

हिशोब करायची सवय नोकरीची. मी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होतो, तपासणी विभागात. कारखाना १८६९ सालचा. आयुष्यभर काडतुसं मापाच्या गेजमधून काढली, चालवली मात्र कधीच नाहीत. निवृत्तीनंतर भाच्याला सोडायला म्हणून बालेवाडीच्या रेंजवर गेलो आणि भाच्याने सोडल्यावर मीच तिथे राहिलो. भाचा आता क्रिकेटवर आहे.

आता दुसरा प्रश्न, जो खरा पुणेरी. दीड लाखाच्या थोडी खाली, सेकंडहँड. नव्याचा भाव विचारला होता, तो तीन लाखांच्या वर ऐकला आणि चहा घेऊन परत आलो.

सुरुवातीला सगळेच क्लबची रायफल वापरतात, मीही वापरली. क्लबच्या रायफलीत वाईट काही नसतं. तिच्यावरच शिकून पोरं राज्य स्पर्धेला जातात. अडचण एकच: ती चार जणांची असते. सकाळच्या बॅचला एक सहा फुटी पोरगा, नंतर एक नववीतली मुलगी, मग मी. प्रत्येक जण आला की खांद्याला टेकणारी बटप्लेट वर-खाली, गाल टेकायचा चीकपीस आत-बाहेर. माझी मान आखूड आहे, शर्टाची कॉलरसुद्धा मला नीट बसत नाही. त्यामुळे गाल टेकल्यावर डोळा बरोबर पीपच्या, म्हणजे मागच्या बारीक छिद्राच्या, मागे यायचा तर चीकपीस बराच खाली लागतो. रोज अंदाजाने लावायचा, रोज थोडा वेगळा लागायचा. सर म्हणायचे, ‘काका, आज ग्रुप डावीकडे का जातोय?’ (ग्रुप म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका.) आता काय सांगू, कालचा स्क्रू आणि आजचा स्क्रू एक नाही म्हणून.

म्हणून स्वतःची घ्यायची ठरवली. ब्रँड मनात नव्हता. रेंजवरच्या चर्चेत फाइनवर्कबाऊवाले आणि वॉल्थरवाले असे दोन पक्ष आहेत, आणि निवडणुकीच्या काळातसुद्धा एवढं हिरिरीने कोणी भांडत नाही. माझं मत विचाराल तर या दर्जाच्या कुठल्याही रायफलीला व्हाइसमध्ये आवळा, तिला आवडणारा छर्रा द्या, तिचा छर्रा दहा मीटरवर त्याच त्याच भोकातून जात राहतो. नऊवर मारतो तो माणूस.

आणि दहा म्हणजे किती? टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, त्याच्या मध्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडला तर १०.९. पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश कमी. अभिनव बिंद्राचा २००८ चा बीजिंगचा शेवटचा शॉट १०.८ होता. मी खडकीत मायक्रोमीटर वापरून जे मोजायचो, ते हा माणूस पाच किलोच्या आसपासचं वजन हातात धरून, उभ्याने, ऑलिंपिकच्या फायनलमध्ये करत होता. हे कळल्यापासून टीव्हीवरची शूटिंग मला कंटाळवाणी वाटत नाही.

रायफल निगडीला मिळाली. एका मुलीची फाइनवर्कबाऊ ७००, ॲल्युमिनियमच्या स्टॉकची. तिने नवीन घेतली होती, जुनी विकायची होती. वडील बोलत होते, ती बाजूला उभी. मी केस उघडली, बॅरल बघितली, ट्रिगर दाबून बघितला. सगळं ठीक. मग त्या मुलीने केसच्या खिशातून एक दोनशेपानी वही काढली. पहिल्या पानावर रायफलीचा नंबर. पुढे कुठल्या तारखेला सर्व्हिस, कुठले सील बदलले, छर्ऱ्याच्या कुठल्या लॉटने ग्रुप कसा आला, हवेचा सिलिंडर कधी भरला, कधी एखाद्या शॉटला आवाज वेगळा आला. शाईपेनाने, समास सोडून. कारखान्यात अशा नोंदी ठेवा म्हणून मी पोरांच्या मागे लागायचो, ते कधी जमलं नाही, आणि इथे कॉलेजातली मुलगी स्वतःहून ठेवत होती.

आमची ही बरोबर होती. गाडीत बसून येताना तिचं चाललं होतं, ‘अहो, एवढ्यात सिंगापूर होतं.’ वही बघितल्यावर तिने एकच विचारलं, ‘वहीपण देणार का?’ मुलगी थोडी घुटमळली. दिली. भावात घासाघीस मी केली नाही, जे माझ्याबाबतीत घरात अजून कोणाला खरं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र वहीनेच सांगितली. सिलिंडरची मुदत संपत आली होती. हे एअर सिलिंडर दोनशे बारपर्यंत भरतात, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट दाब बॅरलच्या खाली असतो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षं झाली की स्पर्धेत चालत नाही. जुनी रायफल बघायला गेलात तर आधी बॅरल नका बघू, आधी ती तारीख वाचा. नव्या सिलिंडरचे पैसे किमतीत धरूनच बोला. मी धरले होते.

घरी आल्यावर पहिले कितीतरी दिवस एकही छर्रा मारला नाही. फक्त बसवत होतो. उभं राहून मारताना डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, रायफलीचा भार हाडावर जायला हवा, स्नायूवर गेला की दहाव्या मिनिटाला थरथर सुरू. बटप्लेट दोन मिलिमीटर खाली. परत एक वर. चीकपीस थोडा आत. आरशासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरच्या साइटची पुढची रिंग आपोआप पीपच्या मध्यात दिसली पाहिजे, मान हलवून शोधायची नाही. जेव्हा दिसायला लागली तेव्हा प्रत्येक स्क्रूवर पेंट मार्करने रेघ मारली आणि मापं वहीत लिहिली, त्या मुलीच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून.

वसूल झाली ती इथेच. माझे स्क्रू आता कोणी फिरवत नाही. वाईट शॉट गेला तर तो माझा, काल कोणी काय हलवलं हा संशय नाही. गुण वाढले का? वाढले, पण कौतुक करण्याइतके नाही. समाधान गुणांचं नाहीच, संशय गेल्याचं आहे.

शिवाय या रायफलींना ड्राय फायरिंगची सोय असते. छर्रा नाही, हवा नाही, पण ट्रिगर खऱ्यासारखाच सुटतो. त्यामुळे हॉलमध्ये भिंतीवर काळा ठिपका चिकटवून रोज सराव होतो. पहिल्या आठवड्यात मी बाल्कनीकडे तोंड करून उभा राहत होतो. उजेड तिकडून छान येतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंनी सेक्रेटरीला फोन केला, सेक्रेटरी वॉचमनला घेऊन वर आले, आणि चामड्याचं जॅकेट घालून पंख्याखाली घामाने निथळणारा निवृत्त माणूस बघून परत गेले. आता मी आतल्या भिंतीकडे तोंड करतो. पडदाही ओढतो.

जॅकेटचं सांगायला पाहिजे, कारण नवीन लोक सगळे पैसे रायफलीत घालतात आणि जॅकेट कोणाचं तरी जुनं घेतात. रायफल जुनी घ्या, जॅकेट मापाने शिवून घ्या. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते घालणं ही शिक्षा आहे, पण पाठीला आधार तेच देतं.

आणि सगळ्यात स्वस्तात वसूल झालेली वस्तू म्हणजे काच. साठीच्या डोळ्याला पुढची रिंग धूसर दिसते, टार्गेट मात्र ठणठणीत. पाहिजे नेमकं उलटं: रिंग धारदार, टार्गेट थोडं धूसर चालेल. लक्ष्मी रोडच्या एका चष्मेवाल्याकडे रायफलीचा पुढचा साइट काढून घेऊन गेलो आणि काउंटरपासून हातभर लांब धरून दाखवला. त्याने आधी मालकाला हाक मारली. मालक रसिक निघाला. लांबच्या नंबरावर अर्धा प्लस चढवून बघू म्हणाला, तेवढ्याने रिंग कंपासने काढल्यासारखी दिसायला लागली. चष्म्याच्या एका जोडीच्या पैशात माझे जितके गुण वाढले तितके दीड लाखात वाढले नव्हते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो. तरुण पोरं ऐकून हसतात. हसोत.

रेंजवरच्या इतरांच्या खरेद्यांमध्ये मला दोनच मनापासून आवडतात. एका आजोबांकडे फाइनवर्कबाऊ ३००एस आहे, स्प्रिंगवाली, जुनी, अक्रोडाच्या लाकडाची. सिलिंडर नाही, पंप नाही. बाजूचा दांडा ओढायचा, छर्रा घालायचा. शॉट सुटला की वरचा सगळा भाग रुळावरून मागे सरकतो, त्यामुळे खांद्याला धक्का कळत नाही. पिस्टनचा झटका असा रुळावर घालवायची कल्पना ज्याला सुचली त्याला मी चार्जमन, म्हणजे सुपरवायझर, नाही, थेट जनरल मॅनेजर केला असता. आजोबा स्पर्धेत उतरत नाहीत. रविवारी येतात, थोडे शॉट मारतात, तेल पुसतात, जातात.

दुसरी एका डेंटिस्ट मित्राची पॉइंट टूटू (०.२२ इंची), आन्शुट्झ कंपनीची. ही खरी काडतुसाची, पन्नास मीटरची, म्हणून परवाना आला, पोलीस आयुक्तालय आलं, घराची तपासणी आली, तिजोरी आली. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे शोधण्यात त्याचे केस पांढरे झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे त्याच्या आजोबांकडून आलेली बाराबोर बंदूक ठेवून तो आकडा भरून टाकायचा की नाही यावर त्याच्या घरात वेगळी बैठक झाली. एवढं होऊन जेव्हा मी त्या रायफलीचा काडतूस आत ढकलणारा बोल्ट मागे-पुढे करून बघितला तेव्हा माझी बोलती बंद झाली. इतकी सफाई मी फक्त नवीन गेजमध्ये बघितली आहे. तो म्हणतो, पेशंट नसला की मनातल्या मनात तो बोल्ट ओढतो. मला विश्वास आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्निल कुसाळेने पॅरिसला याच पन्नास मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने) ब्राँझ घेतलं. कोल्हापूरकडचा मुलगा, तेव्हा पुण्यात रेल्वेत टीसी होता, सराव बालेवाडीला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर रेंजवर आईबाप मुलांना घेऊन येतात आणि पहिला प्रश्न, कुठली रायफल घेऊ? मी सांगतो, सहा महिने काहीच घेऊ नका. क्लबची वापरा. मुलाला उभं राहायला आवडतं का बघा, कारण या खेळात बहुतेक वेळ नुसतं उभं राहायचं असतं. मग घ्यायचीच तर आधी कोचला विचारा, मुलाची उंची वाढायची थांबलीये का बघा, आणि मग सेकंडहँड. एका गृहस्थांनी तरीही दुसऱ्या महिन्यात निळ्या ॲनोडाइज्ड स्टॉकची कोरी करकरीत घेतली. मुलगा आता फुटबॉल खेळतो. रायफल छान आहे, विकायची आहे म्हणतात.

माझी विकणार का, असंही विचारून झालंय, डावी-उजवीकडच्या दोन लेनमधून. रिक्षावाला तर केस बघून ‘काका, ऑर्केस्ट्रा कुठे असतो?’ म्हणाला, त्यालाही सांगितलं की तालीम बालेवाडीला. विकणार नाही. नव्या सिलिंडरवर बऱ्यापैकी पुढची तारीख आहे, ती संपेपर्यंत विचारू नका.