तुम्ही विचारलंत म्हणून : आधी काटा, मग शब्द

आपल्या ख्रिस्ती मंडळीतली नुकती कामाला लागलेली मुलंमुली हमखास विचारतात, तेच तुम्हीही विचारलंत: कामावर, शेजारात प्रभूबद्दल बोलायचं कसं, सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. त्यात बोलणं शेवटी येतं आणि थोडंच येतं. आधी टॉवेलचं वजन येतं.

आपल्या सोलापुरात निम्म्या लोकांचा टॉवेल-चादरीशी कुठून तरी संबंध असतोच, म्हणून तिथूनच सांगतो. टेरी टॉवेलचा भाव ठरतो जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. ३० बाय ६० इंची टॉवेल ४०० जीएसएमचा म्हणून विकला, तर नग साधारण ४६५ ग्रॅम भरायला हवा, डझन साडेपाच किलोच्या थोडा वर. तोच ३६० ने विणला की नगामागे ४६ ग्रॅम सूत वाचतं, डझनाला अर्ध्या किलोहून जास्त. चाटी गल्लीच्या कापडबाजारातलं गिऱ्हाईक हाताने चाचपून बघतं, त्याला हा फरक लागत नाही. त्यात खळ जास्त ठेवली की वजनही भरतं आणि टॉवेल जाडही लागतो. दोन धुण्यांत खळ निघून जाते, तोवर माल पुण्या-मुंबईला पोचलेला असतो.

खरं वजन बघायचं असेल तर एक नग आधी धुऊन खडखडीत वाळवा. मग १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि आलेल्या आकड्याला १०० ने गुणा. ४ ग्रॅम भरला तर ४०० जीएसएम. तुकडे तीन जागचे घ्या, पण काठाचा घेऊ नका, तिथे पाइल, म्हणजे सुताचे उभे फासे, नसतो. काठ हलका असल्यामुळे अख्खा नग तुकड्याच्या हिशेबापेक्षा थोडा कमी भरतो. म्हणून बोली तुकड्यावरची आहे की अख्ख्या नगावरची, ते बिलावरच लिहावं. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. कापूस ओलही धरतो. सुताच्या व्यापारात ८.५ टक्के ओल धरून चालतात, पावसाळ्यात ती वाढते. दमट दिवशी तोललेला माल उन्हाळ्यात कमी भरला तर ती लबाडी नव्हे, पण हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं असावं.

पिशवीत मोठं आणि लहान अशी दोन वजनं ठेवू नका, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सांगितलं आहे. उपासनेत हा भाग वाचला की सगळे माना डोलावतात. सोमवारी मालक म्हणतो, ‘बाजारात सगळेच ३६० चा ४०० म्हणून विकतात.’ विकतात, खरं आहे. मग तुम्ही ३६० चा ३६० म्हणूनच विका, भाव कमी लावा. पहिली काही गिऱ्हाइकं जातील, आणि ती परत येतील असं आश्वासन मी देणार नाही. सचोटीने बरकत येतेच, असं सांगणाऱ्या उपदेशकांशी माझं इथे जमत नाही.

दुकानाचं थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी वैधमापन विभागाकडून दर १२ महिन्यांनी करून घ्यायची असते. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा. शेंगा चटणी किंवा पेढे देताना रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून शून्य करा. डबा ८० ग्रॅमचा आणि पेढे ५०० रुपये किलो असतील, तर शून्य न करणारा दुकानदार ४० रुपयांचा पुठ्ठा विकतो. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत हे कुणी बघत नाही असं वाटतं. सगळ्यात आधी बघतो तो तुमचाच नोकर.

त्या नोकराबद्दल. अनुवादातच त्याच्या आधीच्या, २४ व्या अध्यायात आहे की मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. आपल्याकडे हिशेब आठवड्याचा असतो, तेव्हा पगाराचा वार चुकवू नये एवढा त्याचा अर्थ घ्या. उचलीच्या वह्या दोन ठेवा, एक तुमच्याकडे, एक कामगाराच्या हातात, आणि दोन्हींत त्याच्या देखत लिहा. शहराच्या पूर्व भागात कित्येकांचं वाचन तेलुगूत झालेलं असतं. अशा वेळी नोंद त्यांना वाचता येईल अशी करा. घोळ होतो तो बहुधा सणाच्या तोंडावर, तोंडी दिलेल्या उचलीत.

शेजाऱ्यांची कसोटी वेगळी, ती नळावर लागते. सोलापुरात पाणी काही दिवसांच्या अंतराने सुटतं, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी सुटलं की नळाला थेट मोटर लावायची आणि आपली टाकी भरून घ्यायची, हे घरोघरी चालतं. मोटर पाइपातलं पाणी ओढते, दाब पडतो आणि गल्लीच्या टोकाच्या घरी नळाची धार करंगळीएवढी होते. पाइप कुठे फुटका असेल तर त्या ओढीने गटाराचं पाणीही आत येतं. उपाय असा: नळाचं पाणी आपोआप येईल तेवढं जमिनीलगतच्या हौदात किंवा पिंपात घ्या आणि मोटर त्यातून वरच्या टाकीला लावा. वेळ जास्त लागतो, पाणीही कमी मिळतं. दारावर क्रूस असलेल्या घराची मोटर नळाला लावलेली नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. लावली असेल तर तेही ठाऊक असतं.

चूक झालीच तर जक्कय या जकातदाराचा धडा घ्या. लूकच्या १९ व्या अध्यायात तो नुसती माफी मागत नाही, चौपट परत करीन म्हणतो. चौपट जमलं नाही तरी फरकाची रक्कम तरी पोचती करा, कुणी मागायच्या आधी आणि लेखी. पुढच्या बिलात गुपचूप वळती करू नका; तसं केलं की हिशेब जुळतो, पण चूक झाकलेलीच राहते.

आता बोलण्याचं. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आहे की आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे आधी कुणीतरी विचारलेलं असतं. ‘तुम्हीच का असं करता?’ असं कुणी विचारलं तर दोन वाक्यं पुरतात: ‘मी येशूच्या मागे चालतो. त्याच्यासमोर मापात खोट चालत नाही.’ इथे थांबा. समोरच्याला आणखी ऐकायचं असेल तर सुट्टी झाल्यावर चहाला बसा. कामाची पाळी चालू असताना माग सोडून सुवार्ता सांगणं ही मालकाच्या वेळेची चोरी आहे. तुम्ही स्वतः मालक असाल तर कामगाराकडे विषय काढूच नका, त्याला ‘नको’ म्हणायची सोय नसते. दवाखान्याला, फीला मदत केलीत तर तिच्यासोबत उपासनेचं आमंत्रण देऊ नका; आमंत्रण द्यायचंच तर मदत न लागलेल्याला द्या. प्रार्थना करायची असेल तर विचारून करा, आणि ‘नको’ म्हटलं तर चेहरा पडू देऊ नका. रिक्षावर वचन रंगवायचं असेल तर खुशाल रंगवा, मात्र त्याआधी वर्षभर सुटे पैसे परत देऊन बघा.

राहिली मंडळीची दानपेटी. बाहेरचे लोक तिच्याकडेही बघत असतात. पेटी त्याच दिवशी, तिथेच, एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी उघडावी. रक्कम वहीत अंकी आणि अक्षरी लिहून दोघांनी सह्या कराव्यात, पैसे सोमवारी बँकेत भरावेत आणि आकडा पुढच्या रविवारी वाचून दाखवावा. पेटीची चावी पाळकांकडे नसावी, आणि हा नियम आधी पाळकांनीच मागून घ्यावा.