कणकवलीच्या अलीकडे

ऐंशीचा वेग, आणि इंजिनचा आवाजच गेला. ६६ नंबरच्या हायवेवर. डॅशबोर्डवर दिवेच दिवे, आणि स्टेअरिंग जात्यासारखं जड.

ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, दुसऱ्यांदा कडक, तिसऱ्यांदा दगड. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो, हे आज पायाला कळलं. किल्ली काढली नाही, एवढंच शहाणपण. नाहीतर स्टेअरिंगही लॉक.

कशीबशी कडेला घेतली. काजूच्या बागेतून एक आजोबा आले. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही.

"गाडी बंद पडली तर पडांदे. तुमी बंद पडूक नाय, ता बरा. पाणी व्हया?"

तेव्हा कुठे हात थरथरायला लागले.

ड्रायव्हिंग स्कूलात आठाचा आकडा घोटून घेतला होता. हे कुणीच नव्हतं सांगितलं. तुम्हाला सांगितलं होतं?